बॉबकॅटचा सेन्सर ‘डायरेक्ट’ केला तर काय बिघडतं?

मे महिना लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत एक बुटकं यंत्र जागोजाग दिसू लागतं. नाल्याच्या काठावर पोकलेनने उपसलेला गाळ ते डंपरपर्यंत लोटत असतं. घोडबंदर रोडला एखाद्या इमारतीच्या तळघरातून राडारोडा बाहेर काढत असतं. तळोजा किंवा कळंबोलीच्या एखाद्या आवारात खडी आणि भंगार उचलत असतं. त्याला स्टिअरिंग नसतं, पुढची चाकं वळत नाहीत, तरी उभ्या जागी ते गरकन फिरतं. कागदोपत्री त्याचं नाव स्किड स्टिअर लोडर. साइटवर मात्र कंपनी कुठलीही असो, सगळे त्याला बॉबकॅटच म्हणतात.

या मशीनबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: ऑपरेटर सीटवरून जरासा उठला की ती काम थांबवते. खाली वाकून बघायला उठा, थांबली. हेल्परला हाक मारायला वर झाला, थांबली. मग कुणीतरी म्हणतं, ‘सेन्सर डायरेक्ट करून टाक.’ दोन वायरी एकमेकींना जोडल्या की कटकट मिटली. सोसायटीने तासाच्या भाड्यावर बोलावलेल्या मशीनमध्ये हे आधीच केलेलं असू शकतं आणि बोलावणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ही कटकट कशासाठी ठेवली आहे, ती खरोखर किती वेळ खाते आणि ऑपरेटरची तक्रार कुठे अगदी रास्त असते, ते पाहू.

इंटरलॉक म्हणजे काय?

जुन्या इमारतीतली जाळीच्या दरवाजाची लिफ्ट आठवा. चौथ्या मजल्यावर कुणी जाळी नीट ओढली नाही, तर खालच्या माणसाने कितीही बटण दाबलं तरी लिफ्ट हलत नाही. बटण बिघडलेलं नसतं. ‘दरवाजा बंद आहे’ ही खूण मिळाल्याशिवाय मोटरला वीज द्यायची नाही, अशी जोडणीच केलेली असते. एक अट पुरी झाल्याशिवाय दुसरी क्रिया होऊच न देणारी ही जोडणी म्हणजे इंटरलॉक. बेलापूर-पेंधर मेट्रो दारं लागल्याशिवाय सुटत नाही, ते याच तत्त्वावर. साइड स्टँड खाली असताना नवी मोटरसायकल गिअर टाकताच बंद पडते, तेही त्याच तत्त्वावर.

बॉबकॅटमध्ये अट अशी असते: माणूस सीटवर बसलेला आहे आणि त्याच्या मांडीवर येणारा आडवा दांडा, म्हणजे सीट बार, खाली आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरच आर्म, म्हणजे पुढची बकेट उचलणारे लोखंडी हात, वर-खाली होतील, बकेट उलटेल आणि चाकं फिरतील. काही मॉडेलमध्ये सीट बेल्टचं बक्कल किंवा पुढचा दरवाजाही या अटीत धरलेला असतो. नेमकं काय धरलं आहे ते त्या मशीनच्या मॅन्युअलमध्येच पाहावं लागतं.

ऑपरेटर बसतो तिथेच धोका

हा पहारा इतका कडक का, याचं उत्तर मशीनच्या ठेवणीत आहे. सायरिल आणि लुईस केलर या भावांनी १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अशा यंत्राचं पहिलं रूप तयार केलं. टर्की पक्ष्यांच्या खुराड्यातली घाण काढायची होती आणि खांबांच्या अधूनमधून फिरेल असं आटोपशीर यंत्र हवं होतं. पुढे याच घराण्यातल्या मशीनला चार चाकं आली. डावीकडची दोन चाकं एका हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या, मोटरवर आणि उजवीकडची दोन दुसऱ्या मोटरवर चालू लागली. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली की यंत्र घसरत घसरत जागेवरच वळतं.

आटोपशीरपणाची किंमत मात्र केबिनने मोजली. जेसीबीच्या बॅकहो लोडरमध्ये ऑपरेटर आर्मच्या मागे, उंचावर, बाजूच्या दरवाजातून चढून बसतो. बहुतेक बॉबकॅटमध्ये तो दोन्ही आर्मच्या मधोमध बसतो आणि आत शिरायची वाट समोरून, बकेटवर पाय ठेवून असते. म्हणजे आर्म वर उचललेले असताना बाहेर यायचं तर त्यांच्या खालूनच यावं लागतं. आर्म खाली येताना केबिनच्या चौकटीला जवळजवळ घासून जातात. चौकट आणि आर्म यांच्यामधली जागा म्हणजे अक्षरशः अडकित्ता. आर्म आणि बकेट हलवायची पेडल किंवा लिव्हर तर बाहेर पडण्याच्या वाटेतच, पायाशी आणि गुडघ्याशी असतात. बाहेर पडणाऱ्याचा बूट ज्या पेडलवर पडतो, तेच पेडल त्याच्या डोक्यावरचा आर्म खाली आणतं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९९८ साली या मशीनबद्दल खास इशारा प्रसिद्ध केला. तपासलेल्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा वाटा अशाच चेंगरण्याचा होता: आर्म आणि चौकट यांच्यामध्ये, किंवा बकेट आणि चौकट यांच्यामध्ये. मशीन उलटून झालेले मृत्यू त्याच्या खालोखाल होते.

जोर किती असतो याचा अंदाज घेऊ. समजा आर्म उचलणाऱ्या सिलिंडरचा आतला व्यास ६० मिलिमीटर आहे आणि तेलाचा दाब २०० बार (इथे बार म्हणजे दाबाचं माप). एका सिलिंडरचा ढकलण्याचा जोर साडेपाच टनांच्या वर जातो आणि असे सिलिंडर दोन असतात. आर्मच्या लांबीमुळे बकेटपाशी तो बराच कमी होतो आणि खाली ओढतानाचा जोर आणखी कमी असतो. तरीही माणसाच्या छातीने तो अडत नाही. पूर्ण वर गेलेला आर्म खाली यायला साधारण दोन ते तीन सेकंद लागतात. ‘अरे!’ म्हणून मान वळवेपर्यंत त्यातला एक सेकंद गेलेला असतो. शिवाय उभा राहिलेला माणूस आर्मच्या वाटेच्या टोकाला नसून मध्येच कुठेतरी असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला पूर्ण दोन सेकंदही येत नाहीत.

मशीनच्या आत काय घडतं?

सीटच्या खाली एक स्विच असतो, वजन पडलं की तो दाबला जातो. सीट बारच्या बिजागरीपाशी दुसरा. जुन्या मशीनमध्ये तो साधा खटक्याचा स्विच असतो; नव्यात बारवर छोटं चुंबक आणि समोर ते ओळखणारा सेन्सर. या दोघांच्या खुणा कंट्रोलरकडे, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूकडे जातात. कंट्रोलर त्यानुसार हायड्रॉलिक तेलाच्या वाटेवर बसवलेल्या विजेच्या झडपांना, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्हना, १२ व्होल्टचा पुरवठा देतो किंवा तोडतो.

यातली मेख अशी की झडप उघडी ठेवायला वीज लागते. वीज गेली की स्प्रिंगने ती बंद होते आणि आर्म आहे तिथेच रोखला जातो. वायर तुटली, बॅटरी बसली, कनेक्टर निघाला, काहीही झालं तरी मशीन ‘थांबलेली’ होते. लोकलमध्ये साखळी ओढली की ब्रेक लागतात ते असंच: गाडी चालताना नळीत हवेचा दाब भरलेला असतो, तो गेला की ब्रेक लागतो. बिघाडाचा कल नेहमी थांबण्याकडे ठेवलेला असतो.

बऱ्याच मशीनमध्ये बार पुन्हा खाली केला तरी काम लगेच सुरू होत नाही. पॅनलवरचं एक बटणही दाबावं लागतं. ऑपरेटरना याचा विशेष राग येतो. घरात लाइट गेली आणि मिक्सरचं बटण चालूच राहिलं, तर लाइट आल्यावर मिक्सर आपोआप घरघरायला लागतो. त्या वेळी कुणाची बोटं भांड्यात असली तर? ते बटण यासाठीच आहे. बार धक्क्याने खाली पडला, हेल्परचा हात लागून पडला, तर मशीनने जागं होऊ नये. बसलेल्या माणसाने ठरवून सांगितलं तरच व्हावं.

डायरेक्ट केल्यावर बरेच दिवस काहीच होत नाही

हीच या विषयातली सगळ्यात फसवी गोष्ट. जोडणी डायरेक्ट केल्यावर मशीन जास्त शहाण्यासारखी वागते, काम भराभर होतं, मुकादम खूश असतो. आठवडे जातात, महिने जातात. कंट्रोलरच्या लेखी ऑपरेटर आता कायम सीटवर बसलेला आहे, अगदी रात्री मशीन आवारात उभी असतानासुद्धा.

मग एखाद्या दिवशी नाल्यातला मोठा दगड किंवा गादीचा गुंडाळा बकेटच्या कडेला अडकतो. आर्म छातीभर वर आहेत, इंजिन चालू आहे. ऑपरेटर बेल्ट सोडतो, बार वर करतो, उभा राहून पुढे वाकतो. गाळाने माखलेला गमबूट पेडलवरून घसरतो. इंटरलॉक जागेवर असता तर पेडल हललं असतं आणि काहीच झालं नसतं. आता आर्म खाली येतो, किंवा बकेट मागे वळून चौकटीवर येते.

दुसरा प्रकार हेल्परचा. ऑपरेटर चहाला खाली उतरलेला असतो, मशीन चालू असते. हेल्पर समोर उभा राहतो आणि ‘जरा वर घे’ म्हणून हात आत घालून लिव्हर हलवतो. बाहेर उभ्या माणसाला लिव्हरची दिशा उलटी वाटते, आणि तो स्वतः नेमका अडकित्त्यात उभा असतो. इंटरलॉक ठीक असेल तर रिकाम्या सीटवरून मशीन ऐकतच नाही. म्हणजे हा पहारा ऑपरेटरइतकाच त्याच्या हेल्परसाठीही आहे, आणि डायरेक्ट करताना हेल्परला कुणी विचारलेलं नसतं.

‘पण ती सारखी बंद पडते!’

ही तक्रार मनावर घ्यायला हवी. माणूस बसलेला असताना, बार खाली असताना मशीन थांबत असेल, तर ऑपरेटर बरोबर आहे आणि मशीन चूक आहे. जो इंटरलॉक विनाकारण अडवतो, तो कधी ना कधी डायरेक्ट होणारच. म्हणून ‘सारखी बंद पडते’ हा बिघाडाचा पहिला निरोप समजून त्याच दिवशी शोध घ्यावा. कारणं बहुतेक वेळा साधी निघतात.

आधी सीट पाहा. बसायला मऊ म्हणून गोणपाट किंवा फोमचा तुकडा टाकलेला असतो. त्याने वजन कडांवर पसरतं आणि स्विच अर्धवटच दाबला जातो. स्प्रिंगच्या सीटला ऑपरेटरच्या वजनाप्रमाणे बसवायचा नॉब असतो. तो नव्वद किलोच्या माणसासाठी आवळलेला असेल आणि आज बसणारा पंचावन्न किलोचा असेल, तर प्रत्येक खड्ड्याला स्विच सुटतो. नॉब फिरवायला एक मिनिट लागतं.

मग बेल्ट. बेल्ट न लावता किंवा ढिला लावून खडबडीत जमिनीवर चालवलं की माणूस सीटवरून उसळतो. बऱ्याच मशीन क्षणभराची उसळी सोडून देतात, पण त्याहून लांब उसळीला ‘माणूस उठला’ असंच समजतात. कमरेवर घट्ट लावलेला बेल्ट ही कटकट पुष्कळ कमी करतो. सुरक्षा आणि सोय इथे एकाच बाजूला आहेत, हे फार थोड्या साइटवर सांगितलं जातं.

त्यानंतर कनेक्टर. आपल्याकडे हाच खरा गुन्हेगार असतो. ऐरोली, वाशी, उरणच्या पट्ट्यात खाडीची खारी हवा, त्यात पावसाळ्याचा दमटपणा, त्यात नाल्याचं पाणी. सीटखालचा कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट थर दिसतो. तो गंज आहे; त्यातून वीज कधी जाते, कधी जात नाही. बॅटरीची वायर काढून कनेक्टर सोडवावा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवावा, पिना सैल असतील तर बदलाव्यात आणि विजेच्या जोडण्यांसाठी मिळणारं ग्रीस लावून बंद करावा. बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. केबिन धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा सीटखाली मारण्याची सवय तर मोडायलाच हवी.

वायर घासली आहे का तेही पाहावं. सीट बारच्या बिजागरीपाशी आणि वर उचलल्या जाणाऱ्या केबिनच्या खाली वायरी दिवसभर वाकतात, आवरण फाटतं, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. अशी वायर बाहेरून धड दिसते. हलकी ओढून पाहिली की रबरासारखी ताणली जाते. उभ्या मशीनमध्ये उंदीर वायरी कुरतडतात, तेही नेहमीचंच.

व्होल्टेज मोजा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. याहून बरंच कमी असेल तर झडपा धरून ठेवायला वीज पुरत नाही आणि दोष सेन्सरवर येतो. अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट गंजला असला तरी हेच होतं.

शेवटी स्विच. खटक्याचा स्विच मल्टिमीटरवर तपासता येतो: दाबल्यावर एक स्थिती आणि सोडल्यावर दुसरी, दोन्ही स्वच्छ दिसल्या पाहिजेत. आकडा मध्येच नाचत असेल तर स्विच बदलावा. चुंबकाचा सेन्सर असा ओहममध्ये मोजता येत नाही. त्याला पुरवठा पोहोचतो का आणि चुंबक व सेन्सर यांच्यातलं अंतर वाढलं आहे का, ते पाहावं लागतं. बिजागरीचा बुश, म्हणजे आतली कडी, झिजला की बार लोंबतो, अंतर वाढतं आणि सेन्सर चांगला असूनही ‘दिसत नाही’ म्हणतो. अशा वेळी सेन्सर नवा आणूनही फरक पडत नाही, बदलायचा असतो तो बुश.

यात महाग असं फारसं काही नाही. महाग पडतं ते मशीन उभी ठेवणं, आणि म्हणूनच फिटर मालकाच्या दडपणाखाली वायर जोडून मोकळा होतो. स्विच आणि कनेक्टरचा एक जादा संच मे महिन्याआधीच आणून ठेवला, तर ही वेळच येत नाही.

‘वेळ किती जातो बघा ना’

बघू. बसणं, बेल्ट लावणं, बार खाली करणं, बटण दाबणं याला जेमतेम आठ सेकंद धरा. दिवसातून चाळीस वेळा उतरावं लागलं, असंही धरा. चाळीस गुणिले आठ म्हणजे तीनशे वीस सेकंद, साडेपाच मिनिटांपेक्षा कमी. आर्म खाली टेकवून पुन्हा उचलायचे आणखी सहा सेकंद मिळवले तरी दिवसाचा हिशेब दहा मिनिटांच्या आतच राहतो. डंपरची वाट बघण्यात याच्या कितीतरी पट वेळ जातो.

खरा प्रश्न चाळीस वेळा उतरावं का लागतं, हा आहे. अडकलेला कचरा काढायला उतरावं लागत असेल तर हेल्परकडे लांब दांड्याची आकडी द्या आणि नियम करा की आर्म जमिनीला टेकल्याशिवाय त्याने जवळ यायचं नाही. मागचं दिसत नाही म्हणून उठावं लागत असेल तर आरसा आणि खुणा करणारा माणूस लागतो. हाक ऐकू येत नसेल तर वॉकीटॉकी. मोबाइल घ्यायला उठावं लागत असेल तर मोबाइल मुकादमाकडे राहू दे. उठण्याचं कारण काढलं की इंटरलॉकची आठवणही येत नाही.

काही कंपन्यांनी तर हा प्रश्न मशीनच्या आराखड्यातच सोडवला आहे. जेसीबीच्या स्किड स्टिअरला एकाच बाजूला आर्म असतो आणि दरवाजा दुसऱ्या बाजूला, त्यामुळे बकेटवरून चढून आर्मखालून शिरावंच लागत नाही. नवं मशीन घेणाऱ्याने किंवा वर्षाच्या करारावर भाड्याने घेणाऱ्याने अशा गोष्टींना भाव द्यावा. मला विचाराल तर रोज शंभरदा चढ-उतार असलेल्या कामासाठी बाजूचा दरवाजा हा एसीपेक्षा मोठा गुण आहे.

‘आमचा ऑपरेटर पंधरा वर्षांचा अनुभवी आहे’

अनुभवाने बकेट कुठे टेकवायची ते कळतं, उतार ओळखता येतो, भार जोखता येतो. बूट घसरणं अनुभवाने थांबत नाही. उलट अनुभवी माणसाच्या हालचाली अंगवळणी पडलेल्या असतात. उठून वाकण्याआधी तो थांबून विचार करत नाही, कारण हजार वेळा काही झालेलं नसतं. ज्या क्षणी लक्ष नसतं, त्या क्षणासाठी इंटरलॉक आहे, आणि असे क्षण बाराव्या तासाला, चाळीस अंशांच्या उन्हात, कुणालाही येतात.

‘अचानक थांबणं हाच धोका नाही का?’

आक्षेपांमधला हा सर्वांत वजनदार. चालत्या मशीनचा इंटरलॉक सुटला, म्हणजे त्याची अट मध्येच मोडली, तर चाकं झटक्याने थांबतात. बकेट भरलेली आणि वर असेल तर मशीन पुढे झुकू शकते, उतारावर तर जास्तच. हे खोटं नाही.

पण याचं उत्तर वायर जोडण्यात नाही, कारण मशीन झुकण्याचं कारण वर धरलेला भार आहे. चाकांच्या स्किड स्टिअरची कंपनीने छापलेली उचलण्याची क्षमता ही, मशीन पुढे उलटायला लागणाऱ्या भाराच्या निम्मी धरलेली असते. ८०० किलो क्षमतेचं मशीन १६०० किलोच्या आसपास उलटतं, तेही सपाट, टणक जमिनीवर उभं असताना. ओला गाळ दिसतो त्याहून जड असतो. बकेट शिगोशीग भरली की हे अंतर भराभर संपतं. म्हणून भार घेऊन चालताना बकेट जमिनीलगत ठेवायची आणि उतारावर जड बाजू चढाकडे करायची: भरलेली बकेट चढाकडे, रिकामी असेल तर मशीनची पाठ चढाकडे. असं चालवलं तर इंटरलॉक सुटल्यावर बसतो तो फक्त एक धक्का. बेल्ट लावलेल्या माणसाला तो धक्का केबिनच्या बाहेर फेकत नाही, आणि उलटल्यावर जीव वाचवणारी केबिनची चौकट माणूस आत असेल तरच वाचवते.

‘दुरुस्तीच्या वेळी तर काढावाच लागतो’

दुरुस्तीसाठी कंपनीने वेगळे मार्ग दिलेले आहेत. इंजिन बंद पडलं आणि आर्म वरच अडकले, तर बऱ्याच मशीनमध्ये केबिनमधूनच आर्म हळूहळू खाली सोडायला हाताने फिरवायचा नॉब असतो. तो कुठे आहे आणि किती फिरवायचा, हे ऑपरेटरला गरज पडण्याआधी माहीत हवं. आर्म वर ठेवूनच खालचं काम करायचं असेल तर आर्मला लावायचा लोखंडी टेकू मशीनबरोबरच येतो. अनेक मॉडेलमध्ये तो बसवायला दोन माणसं लागतात: ऑपरेटर बेल्ट लावून सीटवरच थांबतो, दुसरा माणूस बाजूने टेकू बसवतो. मग आर्म टेकूवर अलगद सोडायचे, इंजिन बंद करायचं, आणि त्यानंतरच कुणी खाली जायचं. लाकडाचा ओंडका, जॅक किंवा सिमेंटचा ब्लॉक टेकू म्हणून चालत नाही.

एक गोष्ट इथे इंटरलॉकच्या बाहेरची आहे. आर्म वर असताना हायड्रॉलिक होजचा, म्हणजे तेलाच्या नळीचा, नट ढिला केला, तर तेल सुटून आर्म कोसळतो, आणि सीट स्विच चांगला असून काही उपयोग होत नाही. टेकूशिवाय होजला पाना लावायचा नाही.

ब्रेकर, झाडू किंवा खड्डे खणायचा ऑगर बाहेर उभं राहून चालवावा लागतो, असंही कुणी सांगतं. कंपनीने त्या मॉडेलसाठी रिमोट दिला असेल तर तो घ्यावा. नसेल तर ते काम त्या मशीनचं नाही.

भाड्याने मशीन घेताना

सोसायटीचा सचिव किंवा छोटा ठेकेदार मेकॅनिक नसतो. तरी पाच मिनिटांची तपासणी ऑपरेटरकडून करून घेता येते. मशीन सपाट जागी, आजूबाजूला कुणी नाही, बघणारे दहा-बारा पावलं लांब. ऑपरेटर बेल्ट लावून बसलेला, हात-पाय केबिनच्या आत, इंजिन कमी वेगावर, आर्म पूर्ण खाली. आता त्याने बसल्या जागी फक्त सीट बार वर करायचा आणि आर्मचं पेडल किंवा लिव्हर हलकेच हलवायचं. काहीही हलता कामा नये. मग पुढे-मागे जायची लिव्हर अगदी किंचित. चाक फिरता कामा नये. बार खाली करून बटण दाबल्यावर दोन्ही पुन्हा चालली पाहिजेत. सीट स्विचची तपासणी मॅन्युअलमध्ये दिली असेल त्याच क्रमाने करावी. अर्धवट उठून चालू मशीनवर प्रयोग करू नयेत.

बार वर असताना आर्म जरा जरी हलला, तर दोन शक्यता आहेत: जोडणी डायरेक्ट केलेली आहे, किंवा घाणेरड्या तेलामुळे झडप आत अडकली आहे. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण पॅनलवरचे दिवे सगळं ठीक दाखवतात. म्हणून दिव्यांवर भागवू नये, हलवूनच पाहावं, रोज कामाच्या सुरुवातीला. नुसत्या नजरेलाही काही गोष्टी दिसतात: दोरीने खाली बांधलेला सीट बार, सीटखाली काळ्या टेपने गुंडाळलेला जोड, बारच्या सेन्सरला चिकटवलेलं सुटं चुंबक, तोडून टाकलेला बेल्ट.

वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी घालाव्यात: सर्व इंटरलॉक चालू असतील आणि रोज तपासले जातील; नसतील तर मशीन भाडं न देता परत जाईल. भाडं बुडतं म्हटल्यावर स्विच लवकर मिळतो.

कायद्याचं काय? १९४८ च्या कारखाने कायद्यातही सुरक्षेच्या साधनांशी जाणूनबुजून छेडछाड करायला कामगाराला मनाई होती. तो कायदा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. छेडछाडीची मनाई तिथेही आहे आणि कामाची जागा सुरक्षित ठेवायचं कर्तव्य मालकावर आहे. त्यामुळे ‘ऑपरेटरनेच वायर जोडली’ असं म्हणून मालक सुटत नाही आणि ‘मालकाने सांगितलं’ म्हणून ऑपरेटरही सुटत नाही.

आधीच डायरेक्ट केलेली असेल तर

किल्ली काढून घ्या आणि मशीनवर ‘चालवू नये’ अशी पाटी लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सीटखाली, बारच्या बिजागरीपाशी आणि कंट्रोलरजवळ जादा वायरी शोधा. एक सापडली म्हणून थांबू नका, कारण सीट आणि बार दोन्ही डायरेक्ट केलेले असू शकतात. वायर काढण्याआधी फोटो घ्या, म्हणजे मूळ रंगांची जोडणी लावताना गोंधळ होत नाही. मग ज्या बिघाडामुळे कुणीतरी ती वायर जोडली होती, तो मूळ बिघाड वर सांगितलेल्या क्रमाने शोधा: सीट, बेल्ट, कनेक्टर, वायर, व्होल्टेज, स्विच. दुरुस्ती झाल्यावर बार वर करून तपासणी तीनदा घ्या: इंजिन थंड असताना, अर्धा तास चालून तेल गरम झाल्यावर, आणि मशीन धुतल्यानंतर. थंड असताना चालणारा आणि ओला झाला की हरवणारा जोड तिसऱ्या वेळी सापडतो. तारीख, बदललेला भाग आणि तपासणाऱ्याचं नाव मशीनच्या वहीत लिहा, आणि ती वही केबिनमध्येच ठेवा, म्हणजे पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला ‘मध्येच थांबते’ हे लिहायला जागा राहील.